दोन किल्ल्या

"आतड्याला सूज चिमूटभर, बाकी सगळं तुझ्या डोक्यात," असं माझा नवरा गेर्नोट बारा वर्षं ऐकवत आला. परवा जर्मनीतल्या एर्लांगेनच्या दवाखान्यात खरंच माझ्या मेंदूचं स्कॅन होतं. मशीनपाशी लोखंड-बिखंड चालत नाही, म्हणून किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडे दिला. एक घराची, दुसरी माझ्यासारख्या आतड्याच्या आजाऱ्यांना मिळणारी, कुलूपबंद सार्वजनिक संडासांची. मशीनमध्ये माझं पोट दाबून मेंदूची चित्रं घेतली. ती पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोट दाबल्यावर ज्यांचा मेंदू एवढा पेटतो, त्यांना आतड्याच्या सुजेवरचं नवं इंजेक्शन बहुधा लागू पडतं." गेर्नोटनं मांडीवर थाप मारली. "बघ! डोक्यातच निघालं ना?" "दाबलं पोटच होतं," बाई म्हणाल्या. तो जुडगा खुळखुळवत हसला. "मग ही संडासाची किल्ली फेक आता, महाराणी." जुडगा हिसकावून मी एक किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "अगं, ही घराची." "माहीत आहे. पोट दुखल्यावर जी दार उघडते, ती मी ठेवली."