फाटकापुरतं

शाळेच्या फाटकावरचा दिवा चौथ्यांदा लाल झाला. "चाल पूर्ववत नाही. विद्यार्थिनी अजून बरी झालेली नाही," फाटक म्हणालं.

"पूर्ववत कशी असेल?" सुलभा करवादली. पहिलीच्या प्रवेशाला फाटकाने प्रत्येक मुलाची चाल टिपून ठेवली होती. तेव्हा तिची दुर्वा जन्मापासूनच्या आखूड पायाने लंगडत होती. आता पाचवीच्या शेवटी ऑपरेशन झालं, सहा महिने पायाला सळया लावून पोर अंथरुणात पडली, आणि आज कुठे सरळ चालत शाळेत आली होती.

मुख्याध्यापिका बर्वेबाई ओशाळल्या. "डॉक्टरांचं सर्टिफिकेट बघितलंय हो मी. पण हजेरी फाटक लावतं, आणि त्यातली नोंद दहावीपर्यंत बदलत नाही. अशा मुलांसाठी वर खात्याला तीनदा लिहून झालं." मग आवाज उतरवून त्या दुर्वाला म्हणाल्या, "फाटकापुरतं पूर्वीसारखं चालशील, बाळा?"

दुर्वाने आईकडे पाहिलं. सुलभाने मान खाली घातली. पोरीने डावा खांदा पाडला आणि पाय ओढत ती फाटकातून आत गेली. दिवा हिरवा झाला.

"दुर्वा शेलार, तू आता ठणठणीत आहेस. अभिनंदन."

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी सुलभाने पाणी मागितलं. दुर्वा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून आली, डावा पाय ओढत.

"अगं, इथे कुठे फाटक आहे?" सुलभा म्हणाली.

दुर्वा थबकली. आपल्या पायांकडे बघत तिने विचारलं, "मी लंगडत होते?"