तेवढा एक शब्द

"पुन्हा बोला," टॅबलेट म्हणाला.

सुभद्राबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. स्क्रीनवर 'बागेत फुलला गुलाब' या ओळीतला शेवटचा शब्द लाल होऊन बसला होता. मंजुश्रीचा पाय बाकाखाली सारखा हलत होता. उद्या कॉलेजच्या मॅडम पाठ बघायला येणार, आणि आजी रोज त्याच शब्दावर अडत होत्या.

मंजुश्री डी.एड.ला होती. बुलढाण्याहून वडनेर भोलजीच्या शाळेत सरावासाठी आलेली. शाळा सुटल्यावर साक्षरता वर्गातल्या बायकांना टॅबलेटवर वाचायला शिकवायचं, हे काम तिच्या वाट्याला आलं होतं. बाई वाचते तसा टॅबलेट ऐकतो. शब्द बरोबर आला की टिंग वाजवून हिरवा करतो, चुकला की लाल. आणि लाल शब्द हिरवा झाल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. हट्टीपणात त्यानं जुन्या मास्तरांनाही मागं टाकलं होतं.

मागच्या पाठाला तिचा प्रोजेक्टर सुरूच झाला नव्हता. "यंत्र जमत नाही, मग जमतं काय तुला?" मॅडमनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं. ते वाक्य तिला जेवतानाही ऐकू यायचं. हा पाठ गेला तर ती नापास, आणि वर्ष वाया. त्याहून मोठी भीती ही, की मॅडमचं खरंच असेल तर?

"आजी, ग ला उकार दिला की?"

"गु."

"हे वाचा."

"गुण. गुराखी. गुलाल." आजी धडाधड वाचत गेल्या.

"आता हे."

आजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "फूल," त्या हळूच म्हणाल्या.

"चित्र बघून नका सांगू. लिहिलंय ते वाचा."

"तेवढं तूच वाच वं पोरी. पुढचं मी वाचतो."

मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आपल्यालाच हसतात, असं वाटून मंजुश्रीचे कान तापले. आजींची शेजारीण तानाबाई पुढं सरकली. "अवं मॅडम, सुभद्राबाई काऊन अडते सांगू का? तिच्या..."

"काही सांगायचं नाही! वाचणाऱ्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. याचे कान फार तिखट आहेत."

ते खरंच होतं. परवा रस्त्यावरून केळीवाला ओरडत गेला, तर टॅबलेटनं 'केळी' आपोआप हिरवी करून टाकली होती. मंजुश्रीनं स्वतः आजींचा अडलेला शब्द उच्चारला असता तरी काम झालं असतं. पण ती लबाडी तिला करायची नव्हती.

बाहेर लुनाचा हॉर्न वाजला. आजींना न्यायला त्यांचे यजमान आले होते. वर्गातल्या बायका नातीच्या नावानं त्यांना प्राचीचे आबा म्हणत, म्हणून मंजुश्रीही आबाच म्हणायची. मागं वांग्यांचं पोतं बांधलेलं, तोंडभर हसू.

"येते का वं पोरी हिले वाचता? बाजारातल्या पाट्या वाचून दाखवतो म्हणते मले."

"येईल, आबा," मंजुश्री म्हणाली. तिच्या आवाजात दम नव्हता.

खोलीवर गेल्यावर तिनं पाठातली सगळी चित्रं काढून टाकली. आता आजींना अंदाजानं बोलता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या. टॅबलेट लगेच सुरू झाला तेव्हा मंजुश्रीला केवढा आनंद झाला! आजींनी चष्मा लावला. बोट ठेवत, न चाचरता वाचू लागल्या. विहीर, मोगरा, फुलपाखरू, सगळे शब्द टिंग टिंग करत हिरवे झाले. मॅडमची मान डोलायला लागली.

"बागेत फुलला..." आजी म्हणाल्या. आणि थांबल्या.

"पुन्हा बोला."

आजींनी मॅडमकडे पाहिलं, मंजुश्रीकडे पाहिलं. "ते फूल नाई का वं, लाल. काटे असते त्याले."

चित्र तर तिथं नव्हतंच.

"पाठांतर आहे हे," मॅडम उठत म्हणाल्या. "चित्रं पाहून धडा पाठ केलाय बाईंनी. वाचता येत नाही त्यांना. आणि तुला ते कळलंसुद्धा नाही."

तानाबाईनं तोंड उघडलं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं.

मंजुश्रीला रडू आवरेना. राग आला तो आजींचाच. "आजी, काऊन फसवलं मले?" इतके दिवस जपलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "सांगाचं ना, वाचता येत नाई म्हणून!"

सुभद्राबाईंनी चष्मा काढून पदरात गुंडाळला. त्यांचे डोळे भरले होते.

"वाचता येते वं मले," त्या म्हणाल्या. "येते म्हणून तं अडलो."

त्या उठल्या आणि कुणाकडे न बघता बाहेर पडल्या. हे काय भलतंच, असं मनात म्हणत मंजुश्रीनं बंद करायला टॅबलेट उचलला. फाटकाशी लुनाचा हॉर्न वाजला. वऱ्हांड्यात उभ्या असलेल्या हेडमास्तर वामनरावांनी नेहमीच्या खड्या आवाजात हाक मारली.

"या, या, गुलाबभाऊ! आज लवकर आले वहिनीले न्याले?"

मंजुश्रीच्या हातात टॅबलेटनं टिंग केलं आणि पुढचं पान उघडलं.