सत्तर वेळा मेलेला माणूस

चारशेव्या भागात लेखिकेने मालिकेतल्या बापाला मारलं, आणि निर्मात्याने पहिल्यांदाच तिची पानं नाकारून परत पाठवली.

चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दर आठवड्याला ती परदेशातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरातून दोन भागांचं पाकीट टपालात टाकायची. तिकडे मालिकेची वाहिनी दिसत नसे, त्यामुळे आपण लिहिलेलं एकही दृश्य तिने पाहिलं नव्हतं. पण निर्मात्याच्या सूचना न चुकता यायच्या, पानांच्या प्रतीवर, समासात, शिसपेन्सिलीने. ‘इथे बापाने एवढं बोलू नये, त्याला जमत नाही.’ ‘मुलीला उपाशी घराबाहेर पाठवू नका.’

त्याला ठाऊक होतं ते तिचं टोपणनाव. आपण त्याची मुलगी आहोत, हे तिने कळू दिलं नव्हतं. पानं टाइप केलेली, पत्ता मैत्रिणीचा.

तो मूळचा नट. नायक कधीच नाही. इन्स्पेक्टर, डॉक्टर, नाहीतर वधूपिता. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणाच्याच लक्षात नाही. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, तुम्ही आमच्या बँकेत होता का हो? बहुतेक सिनेमांत तो मध्यंतराच्या आत मरायचा. लहानपणी ती थिएटरात भोकाड पसरायची, आणि तो शेजारच्या खुर्चीतून तिचा हात दाबून म्हणायचा, “अगं, मी इथेच आहे.”

आई गेली त्या दिवशी तो इथे नव्हता. चित्रीकरण त्याच्या मरणाचंच होतं. सेट दुसऱ्या दिवशी मोडणार, म्हणून त्या सिनेमाच्या निर्मात्याने त्याला सोडलं नाही, आणि त्यालाही अडून बसता आलं नाही. तो घरी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तोंडावरचा रंग तसाच होता. मुलगी शिकायला म्हणून परदेशी गेली ती गेलीच.

त्याच वर्षी त्याने तोंडाला रंग लावणं सोडलं आणि स्वतः निर्माता झाला. मावशीच्या पत्रांतून तिला कळायचं, की त्याच्या सेटवर कुणाला घरून निरोप आला तर काम तिथल्या तिथे थांबतं. त्याबद्दल वाहिनीवाले बोटं मोडतात. एकदा मावशीने पत्रातून वर्तमानपत्राचं कात्रण धाडलं. बाप-लेकीवरच्या त्याच्या नव्या मालिकेसाठी लेखक हवेत, अशी जाहिरात होती.

तिने लिहायला घेतलं. बापाला जे विचारायचं होतं ते मालिकेतल्या मुलीच्या तोंडी घातलं. उत्तरं समासात यायची, दोन-तीन शब्दांची. त्यांची वाट बघण्यात तिचे आठवडे जायचे. पण त्या एका दिवसाबद्दल मुलगी विचारायची आणि समास कोराच राहायचा. शेवटी ती थकली, आणि तिने चारशेवा भाग लिहिला.

परत आलेल्या पानावर त्याने लिहिलं होतं, ‘मी सत्तर वेळा मेलो आहे. या बापाला एवढ्यात मरू देऊ नका. त्याला अजून माफी मागायची आहे.’

तिने ते दोनदा वाचलं आणि तिकीट काढलं.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. दार उघडलं ते जुन्या रंगभूषाकाराने, ज्याने जन्मभर तिच्या बापाला मिश्या चिकटवल्या होत्या. त्याने ओळख दाखवली नाही. तिने सांगितलं की मी मालिकेची लेखिका, साहेबांना भेटायला आलेय. आज चित्रीकरण कुठे आहे?

म्हाताऱ्याने तिला आत घेतलं.

“मालिका तेराव्या आठवड्यातच बंद पडली, बाई.”

“मग माझी पानं?”

“साहेब आतल्या खोलीत बसून वाचतात. बापाचं स्वतः, बाकीच्यांचं मी.” त्याने तिच्या हातातली बॅग घेतली. “पाकीट आलं की मला हाक मारतात, ‘ये रे, पोरीचं पत्र आलंय.’”