हिवाळ्यासाठी पिकअप

"घरातल्या सपाता घालून!" बर्ट कॉफीचा कप खाली ठेवत म्हणाला. "बाहेर हाडं गोठतायत, आणि हा पठ्ठ्या सपाता घालून गाडी खड्ड्यात घालतो. तीही घरापासून जेमतेम अर्ध्या मैलावर, पुलापाशी."

दुकानातल्या कॉफीच्या टेबलाशी बसलेले सगळे हसले. आर्वो कांगासही हसला. हसला नसता तर ते आणखी हसले असते. पण त्याचे कान तापले होते. चाळीस वर्षं त्याने याच रस्त्यांवरून लाकडाचे ट्रक हाकले होते आणि या टेबलावरच्या प्रत्येकाची गाडी कधी ना कधी बर्फातून ओढून काढली होती. आता त्यांची पाळी होती, आणि ते ती सोडणार नव्हते.

"गुडघे बघायला हवे होते याचे," रॉय म्हणाला. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी सरकारी गाडी रॉय चालवायचा, आणि मंगळवारी सकाळी आर्वो आणि त्याची बायको लेम्पी, दोघांना खड्ड्यातून बाहेर काढणारा तोच होता. "सीट पार पुढे ओढलेली, आणि स्टिअरिंगला असे टेकलेले, की मला वाटलं म्हातारा अडकलाच. अंगात कोट नाही. शेजारी लेम्पीबाई मात्र कोट, टोपी, हातमोजे, सगळं जिथल्या तिथे. आम्हाला पहिलीत शिकवायच्या तेव्हा बसायच्या तशाच ताठ."

रॉयला आता स्वतःची नातवंडं होती, पण लेम्पीचं नाव काढताना तो अजून सावरून बसायचा.

"मी घाईत होतो," आर्वो म्हणाला.

"सकाळी साडेसहाला कसली घाई?"

"माझ्या वयाचा झालास की कळेल."

पुन्हा हशा पिकला. आर्वोला वाटलं, सुटलो. पण बर्टने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ते सगळं ठीक आहे. पण त्यापायी चांगली एसयूव्ही देऊन हे धूड कशाला आणलंस?"

बाहेर आर्वोची पिकअप उभी होती. जुनी, हिरवी, दारांच्या कडांना गंज चढलेली.

"हिवाळ्यासाठी," आर्वो म्हणाला. "उंच आहे, दणकट आहे."

"आणि मागून हलकी आहे. निसरड्यावर शेपूट आधी फिरणार. हे शेंबडं पोरही सांगेल."

"मागे वाळूची पोती टाकलीत."

"एसयूव्हीला पोतीही लागत नव्हती."

बर्टचं खरं होतं, आणि ते आर्वोलाही ठाऊक होतं. गाड्या विकणाऱ्यानेही त्याला हेच ऐकवलं होतं. त्याच्याकडे दोन पिकअप होत्या. एक बरीच नवी, एसयूव्हीसारखी आपले गिअर आपणच टाकणारी. दुसरी ही, क्लच दाबल्याशिवाय सुरूही न होणारी, हाताने गिअर टाकायची. "असली गाडी चालवता येणारे आता राहिलेत किती?" तो म्हणाला होता. आर्वोने सांगितलं, उतारावर गिअर आपल्या हातात असलेला बरा. विकणाऱ्याने खांदे उडवले. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात त्याला रस नव्हता.

शनिवारी त्यांची मुलगी कार्ला आली. तिने कोटही काढला नाही.

"पप्पा, काय झालं ते मला नीट सांगा."

"डोळा लागला होता माझा," आर्वो म्हणाला. त्याची मान वर होईना. ते खरं होतं, आणि त्यासाठी तो स्वतःला माफ करायला तयार नव्हता.

"डोळा लागला? आईला काही झालं असतं तर?"

मंगळवारपासून तो स्वतःला हेच विचारत होता.

"मी तर सांगतच असते," लेम्पी म्हणाली, "जरा बेताने चालव म्हणून. ऐकेल तर शपथ. कार्ला, कॉफी घेतेस ना?" हे तिने तिसऱ्यांदा विचारलं. कार्लाचं लक्ष नव्हतं.

"आणखी एकदा असं काही झालं ना पप्पा, तर तुमचं लायसन्स काढून घ्या म्हणून मी स्वतः लिहून देईन. हे घर बंद करायचं आणि दोघांनी माझ्याकडे शहरात यायचं. पटतंय?"

"पटतंय."

"ज्यांनी मला गाडी शिकवली त्यांना हे सांगताना मलाच लाज वाटते."

ती गेल्यावर तो ओट्याशी कप विसळायला लागला. तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. गाव हसत होतं ते एक वेळ सोसलं असतं. पोटची मुलगी लाजली, ते त्याला सोसेना. आणि हे घर सोडून शहरात लेम्पीचं काय होईल, याचा तर विचारही नको वाटत होता. ती तिथे रस्ता कुठला ओळखणार होती?

सोमवारी सकाळी पुढच्या दाराचा आवाज झाला. आर्वो लगेच उठला. हल्ली त्याची झोप सावध झाली होती. बूट चढवून, कोट घालून तो अंगणात आला. घाई मात्र केली नाही.

लेम्पी पिकअपमध्ये स्टिअरिंगमागे बसली होती. कोट, टोपी, हातमोजे, मांडीवर तिची जुनी पिशवी. ती पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होती आणि गाडी हूं की चूं करत नव्हती.

"चालूच होत नाही रे," ती रडवेली होऊन म्हणाली. "आणि पायाशी हे तिसरं पेडल कसलं लावून ठेवलंय? माझी पोरं वर्गात ताटकळली असतील."

"पलीकडे सरक. मी सोडतो तुला."

"मला काय गाडी येत नाही?" लेम्पी म्हणाली. "मंगळवारी ती दुसरी गाडी तू झोपेत असताना मी एकटीने पुलापर्यंत नेली नव्हती?"