सुजलेलं मनगट

"मनगट चुकलं," रंगनाथ शेलारांच्या हातावरचा, फटका शिकवणारा पट्टा तिसऱ्यांदा बोलला आणि त्याने त्यांचं मनगट मधेच आवळून धरलं.

"कुणाचं चुकलं?" शेलार गोल्फ क्लबच्या सेक्रेटरी बाईंवर ओरडले. "या पट्ट्यात भरलंय ते माझंच मनगट आहे ना?"

"हो. पण त्याच्याशी तुमचं आता जुळत नाही, शेलार. उद्यापासून शिकवता येणार नाही तुम्हाला."

शेलार या मैदानावर तीस वर्षं गोल्फ शिकवत होते. पट्ट्यात भरायला त्यांच्या फटक्याची नोंद घेतली, त्याच्या आदल्या दिवशी एका मेंबरचा चेंडू त्यांच्या मनगटावर बसला होता. "हात सुजलाय, मनगट वळत नाही, आठवडाभर थांबा," असं त्यांनी परोपरीने सांगितलं होतं. पण पट्ट्याच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते, म्हणून त्याच सुजलेल्या हाताची नोंद झाली.

समोर वीस मेंबर पट्टे बांधून सराव करत होते. स्टिक वर गेली की प्रत्येकाचं मनगट लाकडासारखं ताठ होई आणि खाली येताना प्रत्येकजण कळ आल्यासारखे दात आवळी.

"अहो, तो फटका नाही, माझं दुखणं आहे ते!" शेलारांनी पट्टा ओरबाडून फेकला आणि मोकळ्या मनगटाने स्टिक फिरवली. चेंडू सरळ झेंड्यापाशी जाऊन पडला.

"आता बोला!"

बाईंनी झेंड्याकडे पाहिलं आणि खाली पडलेला पट्टा उचलला. मग हळूच म्हणाल्या, "मेंबरांसमोर असं मारू नका हं. त्यांचा हात बिघडेल."