दुहेरी काचा

"काढाव्या लागतील," काउन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, ब्रेंडन म्हणाला आणि खिडकीच्या नव्या दुहेरी काचेवर त्याने नखाने टकटक केलं.

स्तामातियाच्या डोक्यात तिडीक गेली. ही एकोणऐंशी वर्षांची ग्रीक बाई. घरी आलेल्या माणसाला चमचाभर चेरीचा मुरंबा आणि गार पाणी दिल्याशिवाय तिने कधी कामाचं बोलणं काढलं नव्हतं. आज बशी कपाटातच राहिली.

जुलै, म्हणजे तिथला ऐन हिवाळा चालू होता. मेलबर्नच्या या भागातली जुनी घरं जुलैत हाडं गोठवतात. गेल्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला, तेव्हा डॉक्टरने स्पष्टच सांगितलं होतं, घर उबदार करा, नाहीतर वृद्धाश्रमात जा. तिने छतात ऊब धरून ठेवणारी लोकर भरून घेतली, जमिनीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवल्या. तिथवर कुणाची हरकत नव्हती. पण रस्त्यावरून दिसणाऱ्या खिडकीला तिने न विचारता दुहेरी काचा बसवल्या आणि काउन्सिल धावत आलं.

"जुन्या पातळ काचा परत बसवा. चौदा दिवसांत," ब्रेंडन म्हणाला. पोरगा वाईट नव्हता, बिचारा अजिजीने बोलत होता. "तुमचं घर वारसा यादीत आहे ना, बाई, त्याचं बाहेरचं रूप बदलता येत नाही. एकशेचाळीस वर्षांचं. समोरची अख्खी बाजू पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या. ही रांग तेवढी सुदैवाने वाचली."

"सुदैवाने? असं लिहिलंय?"

त्याने नोटिशीचा कागद पुढे केला. खरंच तसं लिहिलं होतं. ती आधी हसली. मग तिला असा संताप आला की खुर्चीचा हात धरून ती उठूनच उभी राहिली.

"तुझा जन्मही नव्हता तेव्हा, पोरा. तुझ्यासारखाच एक सरकारी साहेब इथे आला होता. घर गार आहे, ओल आहे, माणसाने राहण्यालायक नाही, म्हणून पाडायचं, असा हुकूम घेऊन. मागे बुलडोझर घरघरत होता. मला सातवा महिना. दारातल्या पायरीवर बसले ती उठलेच नाही. मग शेजारणी येऊन बसल्या. अकरा दिवस बसलो, तेव्हा तो बुलडोझर परत गेला."

 ब्रेंडन कागदाची घडी घालायला लागला.

"घडी नको घालूस. पेन काढ," ती म्हणाली. "आधी ते 'सुदैवाने' खोड, तिथे माझं नाव लिही. मग मला शिकव, हे घर कसं जपायचं ते."