जिंकत्या घोडीला टाच

"उधळ गं बये!" सगुणानं दात आवळून काजळीला टाच मारली.

रेवाल चालीच्या शर्यतीत घोडीनं झपझप चालायचं. चौखूर उधळली की बाद. आत्याच्या अंगणात काजळी शिंगरू होती तेव्हापासून सगुणानं तिला हेच शिकवलं. तरी मागच्या दोन्ही यात्रांत ती ऐन वेळी उधळली होती. आज ती सगळ्यांच्या पुढं होती, आणि आजच सगुणाला हरायचं होतं. "जिंकली तर घोडी माझी," असं शेवटच्या रेघेपाशी उभ्या व्यापाऱ्यानं सकाळीच आत्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्याच्या पैशांत सगुणाच्या लग्नाची सोय म्हणे!

तिनं पुन्हा टाच मारली. काजळीनं नुसते कान टवकारले आणि चाल न मोडता रेघ ओलांडली.

व्यापारी हसत लगामाला हात घालणार, तोच आत्या आडवी आली.

"हात मागं घ्या, शेठ. घोडी नाही मिळायची."

"बाई, शब्द दिला होतात!"

"दिला होता. पोरीच्या टाचा दिसल्या नव्हत्या तेव्हा." मग ती सगुणावर खेकसली, "आणि तू गं भवाने, जिंकत्या घोडीला टाचा मारतेस? उतर खाली. आधी हिंडव तिला, मग पाणी दाखव."